पंधरा मे, गुरुवार

चिंचवड,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय सिद्धू,

हे पत्र स्वप्नाली तुझ्या हातात देईल. मी तिला बजावून सांगितलंय, की त्याचं जेवण झाल्यावरच दे आणि तो वाचेल तेव्हा जवळ बस. नवऱ्याला त्याच्या बहिणीचं पत्र पोचवायचं काम तिलाही नवीनच. तू म्हणशील, चिंचवडहून चाकणला पत्र कोण लिहितं? ताईला झालंय काय? पण फोनवर सांगायला मी दोनदा बसले, आणि दोन्ही वेळा तुझा आवाज ऐकल्यावर पाणी आलं का, गाडीचं सर्व्हिसिंग झालं का, असलं काहीतरी विचारून फोन ठेवला. मग तूच विचारलंस, ‘ताई, तुझं बिनसलंय काय?’ बिनसलंय खरं. आठवडाभर मी शाळेत जाते, डबे भरते, आयुषचा अभ्यास घेते, आणि हे सगळं माझ्या जागी दुसरीच कोणी बाई करतेय असं वाटतं. रिक्षात बसले की माझा स्टॉप मागे जातो. घरी कळत नाही मला काय झालंय. तुला कळलं पाहिजे, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

उन्हाळ्यात आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. तिथं तारखेवरून वार काढायची एक रीत शिकवली. फार सोपी आहे. प्रत्येक महिन्याला एक ठरलेला आकडा असतो, तो पाठ करायचा. मग तारीख, महिन्याचा आकडा, सालाचे शेवटचे दोन अंक आणि त्या अंकांना चारने भागून येणारा भागाकार, यांची बेरीज करायची. बेरजेला सातने भागायचं. बाकी एक उरली तर रविवार, दोन उरली तर सोमवार, असं पुढे. काहीच उरलं नाही तर शनिवार. दोन हजार सालापासूनची तारीख असेल तर बेरजेतून एक कमी करायचा. सोमवारी मी हे आठवीच्या वर्गात घेतलं, आणि पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. जो तो आपला जन्मवार काढतोय. एक जण उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, मी सोमवारचा, म्हणूनच मला शाळा आवडत नाही!’ मीही हसत होते. तास संपायला थोडा वेळ होता. म्हटलं, आता मागच्या शतकातली एक तारीख घेऊ, त्यात एक वजा करायची भानगड नाही. आणि फळ्यावर लिहिलं, १५-५-१९९७.

मी मुद्दाम लिहिली नाही रे. जुनी तारीख म्हटल्यावर हात त्याच तारखेकडे गेला. आपल्या घरी पप्पांच्या फोटोखाली आपण लहानपणापासून वाचतोय ती. पोरांना काय माहीत कुणाची तारीख! त्यांनी मोठमोठ्यानं बेरीज केली. पंधरा, मेचे दोन, सत्त्याण्णव, आणि सत्त्याण्णवला चारने भागून चोवीस. एकशे अडतीस. सातने भागून बाकी पाच. ‘गुरुवार!’ सगळा वर्ग एकदम ओरडला. पहिल्या बाकावर वर्षाली म्हणून मुलगी बसते, तिचे वडील भोसरीत लेथ मशिनवर आहेत. ती सहज म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे सुट्टीच की! माझे पप्पा गुरुवारी घरी असतात.’

मी खडू धरून तशीच उभी राहिले. घंटा झाली, पोरं निघून गेली, दुसऱ्या वर्गाचे सर दारात येऊन उभे राहिले, तरी मी फळ्यावरची बेरीज बघत होते. स्टाफरूममध्ये जाऊन पुन्हा केली. मोबाइलमध्ये कॅलेंडर मागे मागे नेत १९९७चा मे काढला. पंधराच्या वर गुरुवार.

आपल्याला हे कधी सुचलं कसं नाही, सिद्धू? सगळ्या जगाला रविवार आणि आपल्या एमआयडीसीला गुरुवार, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकलो. आपल्या घरी मटण गुरुवारी, पप्पांची दाढी गुरुवारी, सायकलला तेलपाणी गुरुवारी. तुझी स्वतःची सुट्टी आजही गुरुवारची. पण आपण तारीख धरून बसलो होतो. दरवर्षी पंधरा मे येतो, कधी सोमवारी, कधी शनिवारी. त्या वर्षी तो कुठल्या वारी आला होता, हे कोण विचारतं?

पहिल्यांदा मी मनाला समजावलं, की ओव्हरटाइमला गेले असतील. सुट्टीच्या दिवशी मशिनी खोलून दुरुस्तीही करतात. पण आईनं आपल्याला जे सांगितलं होतं, ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. तुला तर माझ्याहून जास्त. सकाळची पाळी होती, सगळं खातं चालू होतं, काम उरकावं म्हणून शेठनं पत्रा दाबायच्या प्रेस मशिनचं संरक्षक गार्ड काढून ठेवलं होतं, पप्पा आत सापडले, शेजारच्या मशिनींवरच्या माणसांनी धावत येऊन प्रेस बंद केला. दर मार्चला सुरक्षा सप्ताहात तू तुमच्या कंपनीच्या चारशे माणसांसमोर उभा राहून हेच सांगतोस. एका वर्षी मी आले होते ऐकायला. तू म्हणालास, ‘मी चार वर्षांचा होतो. पप्पा डबा घेऊन सायकलवर निघाले आणि मी रडत त्यांच्या मागे धावलो, एवढंच मला आठवतं.’ पुढच्या रांगेत बसलेला एक दांडगा माणूस रुमालानं डोळे पुसत होता. तू सेफ्टी ऑफिसर झालास तो याच गोष्टीच्या बळावर. बारावीत असताना त्या ज्योतीराम शेठच्या वर्कशॉपच्या काचा फोडून आलास, तोही याच गोष्टीपायी. शेठ बाहेर येऊन बघत उभा राहिला, एक शब्द बोलला नाही, पोलिसांत गेला नाही. तेव्हा आपण दोघं म्हणालो होतो, खाई त्याला खवखवे, दुसरं काय? पुढे तू अपघातांच्या जुन्या नोंदी धुंडाळल्यास, त्यात पप्पांचं नाव कुठंच नव्हतं. तू म्हणालास, ‘बघ ताई, दाबलं त्यानं.’ मीही हो म्हटलं. त्या माणसाचा द्वेष करायचा, हे आपल्या घरात भाकरी खाण्याइतकं रोजचं होतं.

संध्याकाळी मी नवनाथकाकांना फोन केला. पप्पांच्या बरोबरीनं त्याच वर्कशॉपात काम केलेलं आता तेच एक माणूस आपल्या ओळखीत उरलंय. गेली काही वर्षं ते गावी असतात. इकडचं तिकडचं झालं आणि मी विचारलं, ‘काका, गुरुवारी वर्कशॉप चालू असायचं का हो तेव्हा?’ ते म्हणाले, ‘छ्या! गुरुवारी लाइटच नसायची. चालवणार कशावर?’ मी म्हटलं, ‘पप्पा गेले तो गुरुवार होता.’ ते अगदी हळू म्हणाले, ‘मिने, तुला कुणी सांगितलं?’

कुणी सांगितलं, असं विचारलं त्यांनी. ‘काय बोलतेस’ म्हणाले नाहीत, ‘चुकली असशील’ म्हणाले नाहीत. मी खूप आर्जवं केली, पण ते एवढंच म्हणत राहिले, ‘आईला इच्यार. मी तिला जबान दिलीय.’

दोन दिवस मी भोसरीला आईकडे गेलेच नाही. माझी हिंमत होईना. काय काय मनात आलं, ते तुला सांगायलाही लाज वाटते. पप्पांनी स्वतःच जिवाचं काही करून घेतलं असेल का, दुसरीकडे कुठं त्यांचं घर होतं का, दारू पिऊन कुठं पडले असतील का. ज्या माणसानं मला पाठीवर घेऊन घरभर घोडा घोडा केलं, त्याच्याबद्दल मी असले विचार करत होते. बुधवारी शाळा सुटल्यावर मात्र गेले. आई दारातच मेथी निवडत बसली होती. मी चप्पलही न काढता म्हटलं, ‘आई, पप्पा गेले तो गुरुवार होता.’ तिनं वर पाहिलं नाही. दोन-चार काड्या आणखी निवडल्या. मग तिचा हात थांबला. म्हणाली, ‘व्हय. गुरुवार व्हता. मला न्हाई का ठावं? तुला कशाला हुडकायचं व्हतं?’

सिद्धू, आता पुढचं सावकाश वाच. स्वप्नालीचा हात धर.

त्या गुरुवारी सकाळी पप्पांनी मटण आणून दिलं आणि आईला म्हणाले, ‘शिजंस्तोवर पोराला फिरवून आणतो.’ मी तेव्हा करमाळ्याला आजोळी होते, सुट्टीला. सायकलच्या दांडीवर त्यांनी लहान सीट बसवून घेतली होती, त्यावर तुला बसवलं. नवनाथकाका तेव्हा मोशीला राहायचे, त्यांच्याकडे निघाले. काका वाटेतच भेटले. मोशीच्या पलीकडे एक बंद पडलेली, पाण्यानं भरलेली दगडखाण होती, तिच्या कडेला झाडाखाली दोघं बोलत बसले. तू खेळत होतास. तुझ्या पायात नव्या चपला होत्या, त्यातली एक निसटून पाण्यात पडली. तू ती घ्यायला वाकलास.

पप्पांना पोहता येत नव्हतं. आपल्या गावाला कुठं होतं पाणी पोहण्याजोगं? पण त्यांनी उडी टाकली. तुला धरलं, आणि हात वर करून तुला पाण्याबाहेर धरून ठेवलं. काका खडकावर पालथे झोपले, त्यांनी तुझा दंड पकडून तुला वर ओढून घेतलं. तुला खाली ठेवून ते वळले तेव्हा पाण्यात पप्पा नव्हते. काकांनाही पोहता येत नव्हतं. ते तुला कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत ओरडत पळाले. माणसं आली, पण वेळ निघून गेली होती. आई म्हणाली, ‘मटण शिजलं व्हतं, मिने. मी ताटं मांडली व्हती.’ एवढंच बोलली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. तिच्या बोटांना देठ सापडत नव्हते.

मला काय वाटलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. रडू आलं नाही. आईचं घर, ती शेगडी, भिंतीवरचा पप्पांचा फोटो, सगळं जागच्या जागी होतं आणि कशाचीच ओळख पटत नव्हती. मी मूर्खासारखं विचारलं, ‘मग प्रेस?’ ती म्हणाली, ‘कुठला प्रेस? काय बी न्हवतं.’

मला मामांनी पुण्यानुमोदनाच्या विधीच्या आदल्या दिवशी आणलं, तेव्हा सगळं आटोपलं होतं. ‘अपघात झाला’ एवढंच ते म्हणाले होते. नऊ वर्षांची मी, अपघात म्हणजे काय हे विचारायचं सुचलं नाही. तू कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचास, हे मला पक्कं आठवतं. अंगात ताप, आणि तोंडातून शब्द नाही. मला वाटायचं, पप्पा गेले म्हणून. आईनं तुला दवाखान्यात नेलं, विहारात नेलं, कुणाकुणाला दाखवलं. तू महिनाभर बोलला नाहीस. मग एका सकाळी शेजारचे लोक डबे घेऊन कामाला निघाले होते, तू दारात उभा होतास, आणि एकदम म्हणालास, ‘पप्पा कंपनीत गेले?’

आई म्हणाली, ‘लेकरू बोललं, ह्याचाच मला एवढा आनंद झाला. मी म्हनलं, व्हय बाळा, कंपनीत गेले.’ तिथून ते सुरू झालं. तू रोज विचारायचास, कंपनीतून का येत नाहीत? मग तिला सांगावं लागलं, कंपनीत अपघात झाला. तुला खाणीतलं काहीच आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, आठवत नाही ते बरंच आहे. तिनं भाड्याची खोली बदलली, दिघी रोडला नवीन शेजार धरला. ज्यांना खरं माहीत होतं अशा चार-पाच माणसांना तिनं शपथ घातली. तू मोठा होत गेलास, प्रश्न वाढत गेले, तशी तीही एकेक तपशील घालत गेली. पाळी, गार्ड, शेजारच्या मशिनी. मी चिडून म्हटलं, ‘आम्हाला एवढी वर्षं फसवलंस.’ तेव्हा पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘चार वर्साचं लेकरू, मिने. माझ्यापायी बाप मेला, हे घिऊन त्यो कसा जगला असता? तू सांग. तू शिकल्याली हायस, मास्तरीन हायस, सांग मला.’

मी चप्पल काढली आणि तिच्याशेजारी मेथी निवडायला बसले. तू पाण्याला का घाबरतोस, लग्नानंतर गणपतीपुळ्याला जाऊन समुद्राकडे पाठ करून का बसलास, याचं उत्तर मला मिळालं. स्वप्नाली त्यावरून तुला अजून चिडवते. आता नाही चिडवणार.

आणखी एक गोष्ट होती, ती आईनं सगळ्यात शेवटी सांगितली, मी निघायला उठले तेव्हा. ज्योतीराम शेठ. तू ‘शेठनं मारलं’ असं बोलायला लागलास, तेव्हा ती घाबरून त्यांच्याकडे गेली होती. म्हणाली, ‘शेठ, पोराला असं असं सांगितलंय. त्यानं नाव तुमचं धरलंय. मी काय करू?’ शेठ वर्कशॉपच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, ‘धरू द्या वहिनी. माझ्या अंगाला काय भोकं पडत नाहीत.’

मला ते खरं वाटेना. खरं वाटायला नको होतं, असं म्हण हवं तर. प्रेस नव्हता हे मी कसंबसं गिळलं होतं. पण ज्याच्या नावानं मी आणि तू एवढी वर्षं बोटं मोडली, तोही निर्दोष ठरला, तर माझ्यापाशी काही शिल्लकच राहणार नव्हतं. आणि तुझा फोन माझ्या डोक्यात घुमत होता. दोन आठवड्यांपूर्वी तू म्हणालास, ‘ताई, सापडला. वर्कशॉप विकून चिंचवडच्या गावठाणात राहतोय. अठरा तारखेला गुरुवार आहे, सुट्टी आहे, जातोच. त्याच्या सुना-नातवंडांसमोर विचारतो, माझा बाप कसा मेला ते सांग म्हणून.’ आणि मी तुला म्हटलं होतं, ‘जा. चांगलं सुनाव.’

काल शनिवारी मी गेले त्यांच्याकडे. माझ्या घरापासून चालत जाण्याएवढं अंतर, आणि मला माहीतही नव्हतं. दार त्यांच्या सूनबाईंनी उघडलं, कुसुमताईंनी. शेठ ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. ऐंशीच्या घरातले, अगदी वाळलेले. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाले, ‘तू भीमराजची थोरली. नाक तसंच आहे.’ त्यांच्या उजव्या कानाशी बसून मी सगळं बोलले. फळ्यावरची तारीख, आईनं सांगितलेलं, सगळं. माझं बोलणं ऐकून कुसुमताई पाणी घेऊन आल्या आणि मग तिथंच उभ्या राहिल्या.

शेठनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, ‘भीमराज माझा पहिला कामगार. मशीन बसवली ती आम्ही दोघांनी. त्या गुरुवारी मी त्याला मशिनींना ग्रीस करायला बोलावलं होतं. आदल्या दिवशी म्हणाला, शेठ, पोरगं लई मागं लागतंय. मीच म्हटलं, जाऊ दे ग्रीस, पोराला फिरवून आण.’ ते ओझं त्यांनी कधी कुणाजवळ उतरवलंच नसावं. मी विचारलं, ‘पण तुमच्या घरच्यांना तरी सांगायचं ना?’ ते म्हणाले, ‘मुलानं विचारलं होतं. तुझ्या भावानं काचा फोडल्या तेव्हा. बाबा, खरं का हे? मी म्हटलं, असेल.’ कुसुमताईंनी तोंडावर पदर धरला. त्या आणि त्यांचे यजमान एवढी वर्षं त्या ‘असेल’वर विश्वास ठेवून त्या घरात राहत होते. वर्कशॉप मुलानं चालवायला घेतलं नाही, ते त्याच कारणानं, असं त्यांनी मला दारापर्यंत सोडायला येताना सांगितलं. तिथं दारापाशी आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. एकाच माणसाबद्दल दोघींची एकच चूक झालेली.

सिद्धू, तू आता काय विचार करत असशील, हे मला ठाऊक आहे. करू नकोस. माझ्या शाळेला लागून बालवाडी आहे, तुझ्या तेव्हाच्या वयाची मुलं मी रोज पाहते. चेंडू गेला की ती मागे धावतात. रस्ता असो, गटार असो. त्यात त्यांचा काय दोष? पप्पांनी तुला वर धरलं तेव्हा त्यांच्या मनात दुसरं काही असेल असं मला नाही वाटत. आणि तू त्यांच्यामागे रडत धावला नव्हतास रे. तू त्यांच्या सायकलवर, त्यांच्या दोन हातांच्या मध्ये बसला होतास. तुमच्या कंपनीत गेल्या इतक्या वर्षांत कुणाचं बोट गेलेलं नाही, हेही खरंच आहे. ते खोट्या गोष्टीतून झालं असेल, पण त्या माणसांची बोटं खरी आहेत.

आईनं मला शपथ घातलीय, की सिद्धूला कळता कामा नये. ती मी आयुष्यात पहिल्यांदा मोडतेय, आणि या पत्रानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही मला माहीत नाही. तरीही लिहितेय. त्याला कारण आईही नाही आणि तो गुरुवारही नाही. काल निघताना मी शेठना सांगितलं, की अठरा तारखेला माझा भाऊ येणार आहे, तुमच्या घरच्यांसमोर तुम्हाला जाब विचारायला. मला वाटलं, ते घाबरतील, नाहीतर म्हणतील, त्याला आता खरं सांगून टाका. ते म्हणाले, ‘त्याला कळलंय का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग नका सांगू. येऊ दे त्याला. काय बोलायचं ते बोलू दे. मी ऐकून घेईन.’ एवढं म्हणून त्यांनी सुनेला सांगितलं, गुरुवारी मुलांना दुपारी कुठं तरी बाहेर पाठव. त्यांची तयारी झाली होती, सिद्धू. आणखी एकदा तुझ्यासाठी. माझ्याच्यानं ते बघवलं नाही. म्हणून हे पत्र. तू जा, ठरलंय त्याच दिवशी जा, मीही येते. शेठ ओट्यावर वाट बघतच असतील, दार बहुतेक तेच उघडतील. त्यांना आता कमी ऐकू येतं. त्यांच्या उजव्या बाजूला बस, आणि जरा मोठ्यानं बोल.

तुझीच,
मिनताई